बिनधुराची मेव्हणी

आख्ख्या दिल्लीत विडी-सिगारेटला हातही न लावता धुरावर जगणारी एकच बाई आहे, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला थोरली मेव्हणी म्हणून आली. हे मी कौतुकानं सांगतोय असा कुणी समज करून घेऊ नये. मी यवतमाळकडच्या एका खेड्यातून आलो, सरोजिनी नगरच्या पटरीवर, म्हणजे फुटपाथवर, चादर अंथरून एक्सपोर्टच्या कपड्यांचा ढीग विकला, पोलिसाची काठी दिसली की चादरीची टोकं धरून पळालो, आणि आज त्याच बाजारात माझं शटर असलेलं पक्कं दुकान आहे. मालाच्या भावात मला आजवर कुणी गुंडाळलेलं नाही. दिल्लीच्या बायका घासाघीस करण्यात जगात पहिल्या असतील, पण माझ्या दुकानातून त्या हसत बाहेर पडतात आणि मेट्रोत बसल्यावर त्यांच्या लक्षात येतं की एक कुर्ता घ्यायला गेलो होतो आणि तीन घेऊन आलो. असा मी माणूस. पण या बाईपुढे माझं काहीही चालत नाही, आणि मला खुपतं ते वेगळंच आहे. त्या काही चालवतच नाहीत. घासाघीस नाही, आरडाओरडा नाही, शपथा नाहीत. नुसतं विचारतात आणि समोरच्या खुर्चीत बसून राहतात. एवढ्यावर माणसं त्यांना हवं ते देऊन टाकतात, वर पाया पडतात.

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. आयुष्यभर एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. आर. के. पुरमला दिराच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची एक खोली होती. निवृत्त झाल्यावर द्वारकेत आमच्या शेजारच्या सेक्टरमध्ये त्यांनी लहानसा फ्लॅट घेतला, आणि माझ्या शांततेचा शेवट झाला. पांढरे केस, काठाची सुती साडी, पायांत अजूनही वॉर्डातले पांढरे बूट. आणि नाक. ताईंचं नाक हा एक स्वतंत्र नातेवाईकच समजायला हवा. माझ्या मुलीच्या लग्नात स्टेजवर आशीर्वाद द्यायला गेल्या, नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला, किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, “कोटाला धुराचा वास आहे. तुमचा का मित्राचा?” नवरदेव म्हणाला, “मित्राचा.” ताई “बरं” म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. खाली आहेराची रांग थांबली, फोटोवाला थांबला, मी हातवारे करून थकलो. शेवटी जावई खाली मान घालून म्हणाला, “माझाच, मावशी.” आज तो मुलगा सिगारेटच्या टपरीसमोरून जाताना रस्ता बदलतो. हॉलचं भाडं मी भरलं, केटररला मी रडवलं, आणि स्वतःच्या वाढदिवसाला जावयाचा पहिला फोन जातो तो ताईंना!

ऑटोचंच बघा. मी ऑटो ठरवताना तीन वेळा निघून जायचं नाटक करतो, तेव्हा कुठे ड्रायव्हर वाजवी भावावर येतो. ताईंबरोबर एकदा पालमहून येत होतो. ड्रायव्हरनं विडी पेटवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई पुढे वाकून म्हणाल्या, “भैया, घर में बच्चे कितने?” त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच पंजाबी सलवार घातलेली. “छोटेवाले को खोकला होता है क्या? रात को त्रास देता है?” दिल्लीत एवढी वर्षं काढून या बाईला ‘खाँसी’ म्हणता येत नाही, आणि तरी समोरच्याला सगळं कळतं. द्वारका येईपर्यंत ड्रायव्हरनं मुलीचा फोटो दाखवला, विडी कधीच फेकून दिलेली, आणि उतरताना म्हणतो, “माताजी, आपसे क्या लेना.” मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तर ताईंनी त्याला ठरल्यापेक्षा जास्त दिले! “पोरीसाठी केळी न्या,” म्हणाल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आणि माझ्या दुकानाचा अपमान? तो तर दर दोन-तीन महिन्यांनी होतो. ताई येतात आणि सगळ्यात मोठ्या मापाचे, कॉलर फाटलेले, डागाचे शर्ट गोळा करतात. ते त्या हॉस्पिटलात बाळांच्या बापांना वाटतात. बापानं घराबाहेर जाऊन ओढायचं, ओढताना हा शर्ट घालायचा, आत येण्याआधी तो बाहेरच काढून ठेवायचा, हात-तोंड धुवायचं आणि मग बाळाला घ्यायचं. ‘धुराचा शर्ट’ असं त्याचं नावच आहे. कल्पना बरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी भाव सांगतो आणि ताई पैसे काढून ठेवतात! अहो, निदान “काय हो, घरच्या माणसाला हा भाव?” एवढं तरी म्हणा. भाव न करता घेणारं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराच्या तोंडावर मारलेली थप्पड असते. शेवटी मीच चिडून भाव उतरवतो, त्या नको म्हणतात, मी आणखी उतरवतो, आणि शेजारचा सरदारजी दुकानदार हे सगळं बघून पोट धरून हसतो.

निवृत्त झाल्या तरी त्यांचा मूळ धंदा सुटलेला नाही. आठवड्यातून दोन दिवस त्या नव्या नर्सना शिकवायला जातात. विषय एकच: घरात धूर नको हे बाळाच्या घरच्यांशी कसं बोलायचं. त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या वॉर्डातली नर्स केसाएवढ्या बारीक शिरेत सुई घालील, पण “घरात कोण ओढतं?” एवढं विचारायची वेळ आली की एक तर लाजून गप्प बसते, नाही तर पोलिसासारखी दरडावते. दोन्हींचा परिणाम एकच, पुढच्या खेपेला घरचे खोटं बोलतात. म्हणून ताईंचे नियम. पहिलं वाक्य बाळाच्या नावानं सुरू करायचं. ‘गंदी आदत’ म्हणायचं नाही. हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा. आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचं. सरावासाठी त्यांच्या पिशवीत एक कापडी बाहुला असतो, त्याचं नाव मुन्ना; तो खोकतो, म्हणजे त्याच्या वतीनं ताई स्वतः खोकतात, आणि इतक्या खऱ्या खोकतात की एकदा मेट्रोत त्यांना दोन मुलांनी उठून जागा दिली.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं असतं. पण माझ्या नातवाचा विषय निघाला आणि माझं डोकं फिरलं.

माझी मुलगी पल्लवी गुडगावला एका ऑफिसात आहे. बाळंतपणाची रजा संपली की बाळ दिवसभर आजी-आजोबांकडे राहणार हे पोर पोटात असल्यापासून ठरलेलं होतं. मी पाळण्याचा हूक बसवून घेतला होता. पण बाळाला थंडीत दोनदा धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली, तीन दिवस हॉस्पिटलात काढले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, ज्या घरात कुणी ओढतं त्या घरात याला ठेवू नका. आमच्या घरात माझे बाबा ओढतात. बांधकाम खात्यात रस्त्याचे मुकादम होते, ऐंशी ओलांडलीय, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात, आणि सहाव्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतून विडीचा धूर अगरबत्तीसारखा घरभर फिरतो. पल्लवी रडली, मला म्हणाली, “पप्पा, आजोबांना मी काही बोलू शकत नाही. पण बाळाला नाही आणणार.” आणि बाळ गेलं कुणाकडे? ताईंकडे. बरं, ताई शिकवायला जातात त्या दिवशी बाळाला सांभाळायला माझी बायको त्यांच्या घरी जाऊ लागली. पुढे पुढे तर ती रोजच जाऊ लागली. म्हणजे माझी बायको, माझी मुलगी, माझा नातू, सगळे संध्याकाळी ताईंच्या घरी चहा पिणार, आणि माझ्या घरी मी, बाबा, विडी आणि फ्रिजमधली कालची भाजी! पोर रांगायला लागलं ते त्यांच्या फरशीवर. मला व्हिडिओ आला.

बाबांशी मी काय कमी सौदे केले? बाल्कनीवर तोडलं. तर ते टीव्ही ऐकू यावा म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवून बसायचे. बाथरूमवर आणलं, एक्झॉस्ट बसवला. धूर शेजारच्या खोलीतून परत. शेवटी म्हटलं, बाबा, घरात ओढणं बंद करा, तुम्हाला विमानानं नागपूरला दीक्षाभूमीवर नेऊन आणतो. बाबा आनंदानं आले, डोळे भरून दर्शन घेतलं, परत आले आणि सोफ्यावर बसून विडी पेटवली. “सौदा जायाचा होता ना बे,” म्हणाले, “गेलो ना मी.” खाली जाऊन ओढा म्हटलं की कडाडायचे, “मी का चोर हाओ का, खाली जाऊन लपूनशान ओढाले? पोराच्या घरात बसलो मी!” मग मी आवाज चढवायचो, ते माझ्यावर चढवायचे, आणि खालच्या मजल्यावरचे बॅनर्जी इंटरकॉमवर विचारायचे, सब ठीक है?

अशात एक दिवस ताईंचा फोन आला. “जावईबापू, मला एक भांडखोर माणूस हवाय.” धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून त्या मला जावईबापू म्हणतात, आणि इतक्या मानानं म्हणतात की रागावताही येत नाही. “नर्सा एकमेकींवर सराव करतात, पण त्या फार गोड वागतात हो. खरा हट्टी बाप कुणाला जमतच नाही. तुम्ही याल?” मी गेलो. मदत करायला गेलो नाही. समोरच्या दुकानात एवढं गिऱ्हाईक का जातं हे बघायला माणूस आपलाच चुलतभाऊ गिऱ्हाईक म्हणून पाठवतो, तसं मी स्वतःलाच पाठवलं. या बाईचा माल काय आहे तो एकदा हातात घेऊन बघायचा होता.

हॉस्पिटलचा एक हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतल्या तरुण मुली. मला पुढे बसवलं, मांडीवर मुन्ना दिला. ताई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. “बाबूजी बहुत हट्टी है,” त्यांनी माझी ओळख करून दिली, “डरना नहीं.” मी मनाशी ठरवलं, हट्टी बाप म्हणजे दुसरं कोण? बाबाच करायचे. तसाच डावा पाय वर घेऊन बसलो.

पहिली हरियाणाची, दणदणीत आवाजाची. “मुन्ना को खाँसी क्यों हो रही है, पता है? आपकी बीड़ी से! आज से बंद!”

“सिस्टर, ज़रा खिड़की से बाहर देखो,” मी म्हणालो. “सारी दिल्ली धुआँ पी रही है. सूरज नहीं दिखता. मेरी एक बीड़ी से क्या फ़र्क पड़ेगा?”

तिनं खरोखरच खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबर होता. बिचारी परत जागेवर जाऊन बसली. मागून ताई म्हणाल्या, “सिस्टर, बाहर का धुआँ बाबूजी के हाथ में नहीं. घर का है. इतना ही बोलना था.”

दुसरी हुशार होती, गोड बोलत होती, पण सौद्यात कच्ची. मी बाल्कनी मागितली, ती नाही म्हणाली. मी खिडकी मागितली, नाही. मी उठून जायचं नाटक केलं. ती घाबरून म्हणाली, “अच्छा, बाथरूम में, दरवाज़ा बंद करके?” मी ताबडतोब हात पुढे केला, “डन!” सगळ्या हसल्या. ताई खोकल्या, म्हणजे मुन्ना खोकला. “सिस्टर,” त्या म्हणाल्या, “दरवाज़े के नीचे से धुआँ आता है. तुमने बाबूजी को खुश किया, मुन्ना का क्या?” मला काय, मी जिंकलो होतो. असं वाटलं, चार दिवस हाच धंदा करावा.

तिसरी केरळची, बारीकशी, नुकतीच दिल्लीत आलेली. हिंदी जेमतेम. तिनं मुन्नाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघत शब्द जुळवून म्हणाली, “बाबूजी... नीचे जाके पीने में... क्या मुश्किल?”

“मुश्किल क्या? मेरी मर्ज़ी.”

ती गप्प. कदाचित तिच्याजवळची हिंदी तेवढीच असेल. पण गप्प राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि बघणं तिचं वाईट नव्हतं.

“मेरा घर है,” मी म्हणालो.

गप्प.

“मैं कोई चोर हूँ क्या?”

तरी गप्प. आणि मग माझ्याजवळचं संपलं. बाबांची सगळी वाक्यं मी वापरून झालो होतो, आणि त्यातलं एकही उत्तर नव्हतं. खाली जायला बाबांना काय अडचण येते? मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत भांडणं इतकी झाली, सौदे इतके झाले, पण हा एक प्रश्न मी विचारलेला नव्हता. मी पाय खाली घेतला, मुन्नाला खुर्चीवर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणालो, “ये क्या तरीक़ा है? आदमी के मुँह की तरफ देखते बैठना!” आणि चहा न घेता बाहेर पडलो.

ताई मागून आल्या. ऑटोत माझ्या शेजारी बसल्या. मग मीच भडकलो. “सगळ्या दिल्लीला विचारत फिरता, आमच्या बाबांनाच का नाही विचारलंत? तुमच्यासाठी काय, चुटकीसरशी सांगतील.”

“सांगतील,” ताई म्हणाल्या. “म्हणून तर नाही विचारत.”

“म्हणजे?”

“ते मला सांगतील, आणि तुम्ही मला आयुष्यभर खाल, जावईबापू.” बाहेर बघत त्या हसल्या. “आत्ताच काय कमी खाताय?”

म्हणजे या बाईला माझा जळफळाट माहीत होता! सगळा! जावयाचा फोन, शर्टाचा भाव, रांगण्याचा व्हिडिओ, सगळं तिच्या नाकाला आधीच लागलेलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी ड्रायव्हरशी भाव न करता पैसे दिले.

रविवारी सकाळी बाबांच्या खोलीत गेलो. बाबा पलंगावर, हातात न पेटवलेली विडी. मी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, “बाबा, ओढायला खाली जायला काय अडचण येते?”

“काहीच नाई.”

मी गप्प बसलो. हे मला येतं. दुकानात भाव सांगितल्यावर तोंड मिटून घ्यायचं, आधी बोलेल तो हरतो, हे मी पटरीवर शिकलो. फक्त घरात कधी केलं नव्हतं.

“माही मर्जी हाय.”

मी गप्प.

“काय पायतं बे असा? कोनी मेलं काय?”

बायको चहा घेऊन आली. दोन माणसं एका खोलीत आहेत आणि ओरडत नाहीत हे बघून ती घाबरलीच. “कुणाचा फोन आला होता का?” मी हातानंच जा म्हटलं. चहावर साय धरली. बाबा विडी बोटांत फिरवत राहिले, तिचा दोरा सुटला, तंबाखू चादरीवर सांडला, तो त्यांनी हळूहळू गोळा केला.

“लाइट जाते,” ते म्हणाले.

मग सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात एकटे लिफ्टनं खाली निघाले होते, विडीसाठीच. मधेच लाइट गेली. “पेटीत मिट्ट अंधार. मी दार बडवलं. कोनी हाय का, कोनी हाय का, म्हनून हाका मारल्या. कोनाले समजते अठी आपली बोली? गार्डाले वाटलं पोरं खेवून राह्यली.” जनरेटर सुरू झाला तेव्हा दार भलत्याच मजल्यावर उघडलं. समोर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. “माह्याकडं पाह्यलं अन् कुत्र्याले मांगं ओढलं तिनं. माहा पायजमा...” ते थांबले. “मंग भितीले धरू धरू जिन्यानं आलो.”

आमच्याबरोबर बाबा लिफ्टनं जातात, येतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकटे ते त्यानंतर कधी गेलेच नव्हते.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुले सांगून का करू? तू सेक्रेटरीच्या उरावर बसला असता. साऱ्या बिल्डिंगीले समजलं असतं, बुढ्याचं काय झालं थे.”

खोटं कशाला सांगू, तोवर माझा एक पाय चपलेत गेलेला होता.

“पाय,” बाबा म्हणाले, “चालला.”

मी चप्पल काढली.

मग आम्ही दोघं लिफ्टनं खाली गेलो. बाबांनी माझा दंड असा धरला होता की संध्याकाळी वळ दिसत होते. गेटजवळच्या बाकावर त्यांनी विडी ओढली, मी वाऱ्याच्या उलट बाजूला उभा राहिलो. तेव्हापासून दुकानाला जाण्याआधी आणि आल्यावर मी त्यांना खाली नेतो. दुपारी बायको नेते, तिला जमत नाही तेव्हा बॅनर्जी स्वतःहून येतात, त्यांनाही बोलायला कुणीतरी हवंच होतं. विडी सुटलेली नाही, पण तिचं घरात येणं सुटलं. बाबांनीच एक दिवस रंगारी बोलवायला लावला. पडदे धुतले, गाद्या उन्हात घातल्या. ताई तपासायला आल्या, नाक पुढे करून खोल्याखोल्यांतून फिरल्या, सोफ्याच्या उशीत तोंड खुपसलं, बाबांच्या पलंगाखाली वाकल्या. “या लोकरीच्या शालीत अजून आहे,” म्हणाल्या. शाल तीनदा धुतली. मग त्यांनी स्वतः पल्लवीला फोन लावला आणि माझ्या देखत म्हणाल्या, “बेटा, आता बाळ आजोबांकडे राहू दे. घर अगदी स्वच्छ आहे. मी बघितलंय.”

त्या वाक्यानं मी इतका खूश झालो की त्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यातच शिरला नाही. तो शिरला बाळाला आणायला गेलो तेव्हा.

एवढे महिने मी त्या दिवसाची तालीम केली होती. दारात उभं राहून काय म्हणायचं, कसं हसायचं, सगळं ठरलेलं. ताईंनी बाळाचं सामान बांधून ठेवलं होतं: दुपटी, वाटी-चमचा, औषधाची बाटली, छतावरून उतरवलेली झोळी नीट घडी करून. फरशी पुसलेली. खोलीत बाळाचं काहीच उरलेलं नव्हतं, त्यामुळे खोली मोठी दिसत होती. बाळ ताईंच्या कडेवर होतं, त्यांच्या चष्म्याची दांडी धरून. त्या मला सूचना देत होत्या, दूध कोमट, झोपताना डाव्या कुशीवर घेतलं की शांत होतं, जेवताना खिडकीतली कबुतरं दाखवायची. मग त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला माझ्याकडे दिलं.

मी बाळाला खांद्यावर घेतलं; तालमीतलं एकही वाक्य इथं चालण्यासारखं नव्हतं. मी धंद्यातला माणूस. ज्या मालामुळे आपल्या दुकानात गर्दी होते तो माल कुणी स्वतः झाडून-पुसून समोरच्या दुकानात नेऊन ठेवतं का? मी ठेवला असता? ताईंच्या जागी मी असतो, तर बाबांची खाली जायची अडचण मी कधी कुणाला विचारूही दिली नसती.

“जावईबापू,” ताई म्हणाल्या, “रविवारी आणाल याला?” आणि मी तोंड उघडायच्या आतच, “नाही, म्हणजे जमलं तर. रविवारी तुम्हाला बाजारात गर्दी असते. महिन्यातून एकदा आणलंत तरी चालेल. नाही जमलं तरी...”

आयुष्यात मी अशी संधी सोडलेली नाही. समोरचा आपणहून उतरत असला की आपण गप्प राहायचं.

“शनिवारी सकाळी आणून सोडतो,” मी पल्लवीला न विचारताच म्हणालो. “रविवारी संध्याकाळी नेतो. दर आठवड्याला.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं चष्म्याची काच पुसत म्हणाल्या, “बघा हं. नंतर कमी करायचं नाही.”

“शब्द म्हणजे शब्द,” मी म्हणालो, आणि पिशवी खांद्याला लावून निघालो. बाळ माझ्या खांद्यावरून मागे बघत हात हलवत होतं. मला अजूनही वाटतं की एवढ्या गोडपणानं त्यानं माझ्यासाठी कधी हात हलवलेला नाही, आणि हे मला आवडत नाही. लिफ्ट येईपर्यंत, लिफ्टचं दार बंद होईपर्यंत, ताईंच्या फ्लॅटचं दार लागल्याचा आवाज काही आला नाही.